स्टॉक कार रेसिंग : नियमांच्या फटीतलं यंत्रशास्त्र

मोटार शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फॉर्म्युला वन उभी राहते. जमिनीला चिकटलेली, कागदी विमानासारखी गाडी आणि कोट्यवधींचा खर्च. ते तंत्रज्ञान बघून आपण फक्त आ वासायचा. पण अमेरिकेत एक दुसरीच शर्यत आहे, स्टॉक कार रेसिंग. स्टॉक म्हणजे दुकानात शिल्लक असलेला माल. शोरूममध्ये जी गाडी गिऱ्हाइकाला मिळते तीच घ्यायची आणि अंडाकृती मैदानावर डावीकडे वळत वळत पळवायची, अशी ही मूळ कल्पना. पहिल्यांदा ऐकलं की कुणीही म्हणेल, गोल गोल फिरण्यात कसलं आलंय इंजिनिअरिंग? मळणीच्या खळ्यावर बैल पण गोल फिरतात!

पण खरी गंमत इथंच आहे. सगळ्यांची गाडी सारखी, इंजिनाचं माप ठरलेलं, टाकीचं माप ठरलेलं, वजन ठरलेलं. मग पुढे जायचं कसं? या प्रश्नाला डोकं लावणारी माणसं विद्यापीठांतून आलेली नव्हती. बरेचसे गॅरेजवाले, वेल्डर, शेतकऱ्यांची पोरं. त्यांच्या युक्त्या समजून घ्यायला आपलं तिसऱ्या वर्षापर्यंतचं थिअरी ऑफ मशीन्स पुरतं, आणि काही ठिकाणी तर नुसतं गावाकडचं निरीक्षण पुरतं. मी ताडकळसचा. पूर्णा तालुक्यातल्या या गावात ट्रॅक्टर, ट्रॉली आणि बैलगाडी बघतच मोठा झालो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, चालवून घ्या.

सुरुवातच भांडणाने

स्टॉक कार शर्यती भरवणारी नॅसकार ही संघटना फेब्रुवारी १९४८ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथं स्थापन झाली. तिची निव्वळ स्टॉक गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट इथं झाली. ग्लेन डनवे नावाचा ड्रायव्हर १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला आला. तपासणीत त्याच्या गाडीचे मागचे कमानपाटे पाचर मारून ताठ केलेले सापडले. झालं, डनवे बाद! दुसरा आलेला जिम रोपर लिंकन गाडीसह विजेता ठरला. डनवेच्या गाडीचा मालक दहा हजार डॉलरचा दावा घेऊन कोर्टात गेला आणि कोर्टाने दावा फेटाळला. म्हणजे पहिल्याच शर्यतीचा निकाल पाट्यांवर लागला.

आता हे पाटे ताठ का केले होते? त्या भागात चोरटी दारू गाळून रात्री शहरात पोचवायचा मोठा धंदा होता. मागे दारूचे डबे भरले की गाडीची शेपटी बसायची. पोलिसाला लांबूनच कळायचं की गाडी भरलेली आहे. शिवाय वळणावर गाडी डोलायची ती वेगळीच. म्हणून मागचे पाटे ताठ करायचे. आपल्याकडे ट्रॉलीत जास्त ऊस भरायचा असला की मिस्त्री एखादा पाटा वाढवून देतो, तोच प्रकार. मागचं स्प्रिंग ताठ झालं की गाडी वळणावर कमी कलते. दारूसाठी केलेली सोय शर्यतीला उपयोगी पडली, एवढंच.

याच्या पुढची पायरी हडसन कंपनीने गाठली. तिच्या हॉर्नेट गाडीचं इंजिन जुन्या बाजूच्या व्हॉल्व्हचं, सहा सिलिंडरचं, ३०८ घन इंचाचं म्हणजे सुमारे ५ लिटरचं. कागदावर काही फार भारी नाही. पण हडसनच्या गाड्यांची तळाची फळी चॅसीच्या वर नसून चॅसीच्या आत खाली बसवलेली होती. गाडीत चढायचं नाही, उतरायचं! त्यामुळे गुरुत्वमध्य खाली आला आणि वळणावर बाकीच्या गाड्या कलंडायला लागल्या तरी ही जमिनीला धरून राहायची. नियम असा होता की सुटा भाग कंपनीच्या यादीतला पाहिजे. कंपनीने काय केलं, तर शर्यतीसाठी बनवलेले मजबूत भाग ‘कठीण वापरासाठी’ अशा नावाने आपल्या यादीतच टाकले. आता कुणी काय बोलणार? १९५२ च्या मोसमात ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या.

बाजेखालची पाचर

आता मुख्य विषय. गाडी फक्त डावीकडे वळणार आहे हे एकदा पक्कं झालं, की डावी-उजवी बाजू सारखी ठेवायची गरजच काय? हा विचार सोपा वाटतो, पण आपल्या पुस्तकातल्या प्रत्येक आकृतीत गाडी सममित असते, म्हणून तो आपल्याला सुचत नाही.

घरातली बाज आठवा. जमीन थोडी उंचसखल असली की बाज डुगडुगते. मग आपण एका पायाखाली लाकडाची चिपळी सारतो. चिपळी जरा जाड झाली की काय होतं? तो पाय आणि त्याच्या कर्णावरचा समोरचा पाय, असे दोन पाय सगळा भार घेतात आणि उरलेले दोन अधांतरी. बाजेचं एकूण वजन तेवढंच आहे, फक्त चार पायांतली वाटणी बदलली. स्टॉक कारवाले नेमकं हेच करतात आणि त्याला म्हणतात वेज, म्हणजे शब्दशः पाचरच! मागच्या स्प्रिंगच्या डोक्यावर एक मोठा स्क्रू असतो. पिटमध्ये गाडी थांबली की एक गडी मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून तो स्क्रू अर्धा-एक फेरा फिरवतो. टीव्हीवर हे बघून मला आधी वाटायचं की हा माणूस काच पुसतोय की काय.

गणित करून बघू. समजा १६०० किलोची गाडी आहे आणि चारही चाकांवर ४००-४०० किलो. डाव्या मागच्या स्प्रिंगचा स्क्रू असा आवळला की त्या चाकावर २५ किलो वाढले. मग उजव्या पुढच्या चाकावरही २५ वाढतात आणि उरलेल्या दोन चाकांवर २५-२५ कमी होतात. पुढची बेरीज ८०० च, मागची ८०० च, डावी आणि उजवीही ८०० च. पण एका कर्णावर ८५० आणि दुसऱ्यावर ७५०. म्हणजे कर्णभार ५० टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेला. साध्या वजनकाट्यावर पुढचं-मागचं वजन घेणाऱ्याला यातलं काहीही दिसणार नाही.

याचा परिणाम काय? टायरची एक खोड आहे. भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. म्हणून एका आसावरच्या दोन चाकांवर भार जितका समसमान, तितकी त्या आसाची एकूण पकड चांगली. डावीकडे वळताना भार उजवीकडे सरकतो. डाव्या मागच्या चाकावर आधीच जास्त भार ठेवलेला असला, तर वळणात मागची दोन चाकं समसमान होतात आणि मागची पकड वाढते. पुढे उलट होतं, उजवं चाक आणखी दबतं आणि पुढची पकड घटते. गाडीचं नाक बाहेर जायला बघतं. त्यांच्या भाषेत गाडी ‘टाइट’ झाली. स्क्रू उलटा फिरवला की गाडी ‘लूज’, म्हणजे शेपटी बाहेर. दोनशे किलोमीटरच्या वर वेग असताना ड्रायव्हर रेडिओवर एवढंच सांगतो की गाडी टाइट आहे, आणि बाहेरचा माणूस पाना फिरवून ती दुरुस्त करतो. व्हेइकल डायनॅमिक्सचं एक अख्खं प्रकरण एका पान्यात बसलंय.

दुसरी युक्ती टायरच्या मापाची. स्टीलचा ग्लास फरशीवर आडवा टाकून लोटा. तो सरळ जात नाही. वरचं तोंड मोठं आणि बूड लहान असल्यामुळे तो बुडाच्या बाजूला गोल फिरतो. आता दोन चाकं एकाच आसावर घट्ट बसवली, उजवं जरा मोठं आणि डावं जरा लहान, तर ती जोडीही ग्लाससारखी आपोआप डावीकडे वळेल. याला स्टॅगर म्हणतात. बैलगाडीची दोन चाकं आखावर सुटी फिरतात, म्हणून वळणावर आतलं हळू आणि बाहेरचं जोरात फिरू शकतं. मोटारीत ते काम डिफरन्शियल करतं. पण शर्यतीत डिफरन्शियल मोकळं ठेवलं तर आतलं हलकं चाक नुसतं घसरत फिरतं (नांगरताना एक चाक चिखलात घसरलं की ट्रॅक्टर जागेवर फिरतो तसं) आणि सगळी ताकद वाया जाते. म्हणून मागचा आस लॉक करायचा आणि वळायचं काम टायरच्या फरकावर सोपवायचं.

किती फरक लागतो ते काढता येतं. दोन चाकांतलं अंतर १.५ मीटर आणि टायरचा घेर २.२ मीटर धरा. वळणाची त्रिज्या ३०० मीटर असेल तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा अर्धा टक्का जास्त चालतं, म्हणजे घेरात साधारण १.१ सेंटीमीटरचा फरक पुरे. छोट्या मैदानावर त्रिज्या ४० मीटर असेल तर हाच फरक ८ सेंटीमीटरच्या घरात जातो. जुन्या बायस प्लाय टायरचा घेर हवेच्या दाबाबरोबर बदलायचा, म्हणून टायर सांभाळणारा माणूस टेप घेऊन एकेक टायर मोजून जोड्या लावायचा. कंपनी एक, नंबर एक, तरी प्रत्येक टायर वेगळा. १९८९ पासून रेडियल टायर यायला लागले आणि ही कला बरीचशी संपली.

टायरवरून आठवलं. १९५३ मध्ये टिम फ्लॉक नावाचा विजेता ड्रायव्हर काही शर्यतींत चक्क एक माकड शेजारी बसवून गाडी चालवायचा. त्या काळी गाडीच्या तळाला एक झडप असायची. साखळी ओढली की झडप उघडून उजवं पुढचं टायर किती झिजलंय ते चालत्या गाडीतून दिसायचं, कारण डावीकडे वळणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी तेच टायर जातं. रॅलेच्या शर्यतीत माकड सुटलं, त्याने ती साखळी ओढली, खालून खडा उडून त्याला लागला आणि ते घाबरून ड्रायव्हरच्या मानेवर! माकडाला उतरवायला पिटमध्ये थांबावं लागलं आणि फ्लॉक तिसरा आला. असो.

स्मोकीची नळी

या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे स्मोकी युनिक. जन्म १९२३, मृत्यू २००१. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचा वैमानिक, नंतर डेटोना बीचला गॅरेज. नियमांचं पुस्तक तो आपण ड्रॉइंग वाचतो तसं वाचायचा, म्हणजे काय लिहिलंय यापेक्षा कुठलं माप द्यायचं राहिलंय ते आधी बघायचा.

त्याची सगळ्यात प्रसिद्ध कथा पेट्रोलच्या नळीची. नियमात टाकीचं आकारमान दिलेलं होतं, पण टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीबद्दल एक अक्षर नव्हतं. स्मोकीने म्हणे ११ फूट लांब, २ इंच व्यासाची नळी वेटोळी करून बसवली आणि त्यात ५ गॅलन जादा पेट्रोल मावलं. ही कथा जगभर याच आकड्यांनी सांगितली जाते. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, मग कॅल्क्युलेटर काढायला काय हरकत आहे? २ इंच व्यासाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस इंच. लांबी १३२ इंच. गुणाकार सुमारे ४१५ घन इंच. एका अमेरिकन गॅलनमध्ये २३१ घन इंच असतात. म्हणजे १.८ गॅलन, सुमारे ६.८ लिटर. पाच गॅलन नव्हेच! ११ फुटांत ५ गॅलन बसवायचे तर नळी जवळजवळ साडेतीन इंच व्यासाची लागेल. कथा तोंडातोंडी फिरताना एक तरी आकडा फुगला, हे नक्की.

पण १.८ गॅलनही कमी नाहीत. या गाड्या एका गॅलनला चार-पाच मैल जातात. डेटोनाची एक फेरी अडीच मैलांची. म्हणजे तीन फेऱ्या जादा. प्रतिस्पर्धी पेट्रोल भरायला थांबला असताना आपण तीन फेऱ्या पुढे, आणि त्याच तीन फेऱ्यांत शर्यतीचा निकाल फिरू शकतो.

दुसरी दंतकथा अशी की तपासनिसांनी त्याच्या गाडीची टाकी काढून ठेवली, नऊ दोषांची यादी हातात दिली, आणि हा पठ्ठ्या दहावा दोषही लिहून घ्या म्हणत टाकीशिवायच गाडी चालू करून निघून गेला. तिसरी म्हणजे त्याची शेव्हेल गाडी मूळ मापाच्या सात-अष्टमांश केली होती. ही तर साफ खोटी. गाडीचं माप मूळचंच होतं. खरी कारागिरी न दिसणाऱ्या जागी होती: बॉडी चॅसीवर कुठे बसवायची आणि तळाखालून हवा कशी सरळ जाऊ द्यायची, यात. १९६७ च्या डेटोना ५०० मध्ये याच गाडीने कर्टिस टर्नरच्या हातात ताशी १८० मैलांच्या वर वेग देऊन पहिली जागा मिळवली. कारखान्याची अधिकृत मदत नसताना! शर्यतीत मात्र इंजिन फुटलं.

हवेशी गाठ

डेटोनाचं मोठं मैदान १९५९ मध्ये सुरू झालं आणि वेग एवढे वाढले की इंजिनापेक्षा हवा मोठी शत्रू झाली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती घनात. ताशी १८० मैलांवरून २०० वर जायचं तर वेग ११ टक्के वाढवायचा, पण शक्ती ३७ टक्के जास्त लागते.

१९६० च्या डेटोना ५०० ला ज्युनियर जॉन्सनकडे इतरांपेक्षा मंद शेव्हरले होती. हा माणूस स्वतः दारूच्या धंद्यातून आलेला, त्यासाठी तुरुंगातही जाऊन आलेला. सरावात त्याच्या लक्षात आलं की वेगवान गाडीच्या अगदी मागे चिकटलं तर आपली मंद गाडीही तिच्याच वेगाने पळते. एसटीच्या मागे सायकल दामटणाऱ्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. पुढची गाडी हवा फाडते आणि तिच्या मागे पोकळी राहते. ही ओढ वापरून जॉन्सनने ती शर्यत जिंकली. यात पुढच्या गाडीचाही फायदा होतो, कारण तिच्या शेपटीला मागे ओढणारी पोकळी मागची गाडी भरून काढते. म्हणून दोघं मिळून एकट्यापेक्षा जोरात जातात.

१९६९ मध्ये डॉजने चार्जर डेटोना काढली. पुढे चोचीसारखं टोकदार नाक आणि मागे जवळजवळ दोन फूट उंच पंख. पंख गाडीला मागून जमिनीवर दाबून ठेवायचा. नियमाप्रमाणे अशी गाडी ‘स्टॉक’ ठरायला ५०० गाड्या विकायला काढणं भाग होतं, म्हणून कंपनीने तेवढ्या खरोखर बनवल्या आणि विकल्या. २४ मार्च १९७० ला बडी बेकरने टॅलाडेगाच्या मैदानावर ताशी २०० मैलांची भिंत ओलांडली, याच गाडीतून. १९७१ मध्ये नियम आला की पंखवाल्या गाड्यांना ३०५ घन इंचांपर्यंतचंच इंजिन. बंदी म्हटली नाही, पण खेळ संपला.

फट कुठली आणि चोरी कुठली?

हा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण तो आपल्याही दारात येतो. आपल्या बाहा स्पर्धेत सगळ्या संघांना सारखंच इंजिन मिळतं आणि त्यात हात घालायचा नाही असा नियम असतो. पीथमपूरला तपासणीच्या रांगेत उभं राहिलं की प्रत्येक संघाच्या मनात एकच विचार असतो, यांना काय दिसेल आणि काय नाही.

माझं मत असं: माप द्यायचं राहिलेली नळी ही फट आहे. दिलेलं माप खोटं दाखवणं ही चोरी आहे. सत्तरच्या दशकात डॅरेल वॉल्ट्रिपच्या गाडीच्या चॅसीच्या पोकळ पाइपात शिशाचे छरे भरलेले असायचे. तपासणीत वजन बरोबर भरायचं आणि शर्यत सुरू झाली की एक खटका ओढून छरे रस्त्यावर सांडायचे. स्वतः वॉल्ट्रिपनेच पुढे हे हसत हसत सांगितलं. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरून वजन वाढवतात, पण ते काही काटा झाल्यावर सोडून देत नाहीत! डोकं कमालीचं, पण ही फट नव्हे. किमान वजन नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं. तसंच १९८३ चं. शार्लटला रिचर्ड पेटी जिंकला आणि तपासणीत इंजिन ३५८ च्या ऐवजी जवळजवळ ३८२ घन इंचांचं निघालं, शिवाय डाव्या बाजूचे मऊ टायर उजवीकडे लावलेले. ३५,००० डॉलर दंड झाला, १०४ गुण कापले, विजय मात्र कायम ठेवला. हा निकाल मला आजही पटत नाही.

गंमत म्हणजे छऱ्यांच्या युक्तीशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या गॅरी नेल्सनलाच नॅसकारने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य मालिकेचा संचालक केलं. घर फोडणाऱ्यालाच कुलूप बसवायला बोलावलं, आणि तपासणी खरोखर कडक झाली.

या सगळ्या हुशारीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २४ मे १९६४ ला शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी उलटली, टाकी फुटली आणि आग लागली. नेड जॅरेटने त्याला ओढून बाहेर काढलं, पण २ जुलैला तो गेला. त्यानंतर इंधनाच्या नुसत्या पत्र्याच्या टाकीऐवजी फ्युएल सेल आला. धातूच्या पेटीत रबरासारखी लवचिक पिशवी आणि पिशवीत स्पंज. पेटी चेपली तरी पिशवी फाटत नाही, आणि फाटलीच तर स्पंजामुळे पेट्रोल एकदम भसकन बाहेर येत नाही. टायर फुटून माणसं मेली तेव्हा टायरच्या आत दुसरं लहान टायर आलं. बाहेरचं फुटलं तरी आतल्यावर गाडी सावरता येते. १९७० मध्ये डार्लिंग्टनला पेटीची गाडी उलटत गेली आणि त्याचा हात-खांदा खिडकीबाहेर फेकला गेलेला लोकांनी बघितला. खिडकीची जाळी त्यानंतर सक्तीची झाली. नुसती पट्ट्यांची जाळी, काही रुपयांचं काम. १९९४ पासून छपराला झडपा आल्या. गाडी उलटी फिरली की हवेच्या दाबाने त्या आपोआप उघडतात आणि छपरावरची उचल मोडतात, म्हणजे गाडी उडत नाही. ना मोटर, ना सेन्सर.

आपल्या कार्यशाळेत ड्रायव्हरच्या हाताचे पट्टे आणि टाकीखालची गळतीची तबकडी ‘फक्त तपासणीपुरती’ म्हणून शेवटच्या रात्री लावली जाते. ही कामं डिझाइनच्या पहिल्या आठवड्यात व्हायला पाहिजेत, असं मला वाटतं.

आज स्टॉक कार नावापुरतीच स्टॉक राहिली आहे. साठच्या दशकातल्या शेव्हरले पिकअपवरून उचललेले मागच्या सस्पेन्शनचे दोन लांब दांडे मात्र मुख्य मालिकेत थेट २०२१ पर्यंत टिकले. २०२२ च्या नव्या गाडीत मागची चाकं स्वतंत्र झाली आणि बहुतेक भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. तपासणीला २०१८ पासून कॅमेरे आणि प्रोजेक्टर आहेत, ते सगळ्या बॉडीचा नकाशा काढून मूळ ड्रॉइंगशी ताडून बघतात. तरीही २४ जुलै २०२२ ला पोकोनोची शर्यत जिंकलेला डेनी हॅमलिन आणि दुसरा आलेला काइल बुश दोघेही बाद झाले, आणि तिसऱ्या चेस इलियटला विजेता घोषित केलं. कारण होतं गाडीच्या नाकावर रंगीत वेष्टनाखाली लपलेली पातळ चिकटपट्टी. याआधी विजेता बाद झाला होता तो १९६० मध्ये, आणि तेव्हा सापडली होती मापापेक्षा मोठी पेट्रोलची टाकी.